प्रवरेचा उतार

आमच्या घरात रविवारच्या फिरण्याला वेळापत्रक आहे. चर्चहून आल्यावर जेवण, मग थोडं आडवं होणं, मग चहा. चहाचे कप धुऊन पालथे पडले की सासरे फाटकाशी जाऊन उभे राहतात. सगळे बाहेर आले का, एकदा मान वळवून बघतात आणि म्हणतात, "डबल." म्हणजे निघायचं. सासरे एसटीत कंडक्टर होते. दोनदा घंटी दिली की ड्रायव्हर गाडी सोडतो, ती डबल. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, पण अजून आमच्या घरातून डबल मिळाल्याशिवाय कोणी हलत नाही.

लग्न होऊन मी नगरहून इथं आले तेव्हा मला हा प्रकार झेपला नव्हता. आमच्याकडे फिरायला जाणं म्हणजे कुठंतरी पोचणं. भेळ खायची, दुकानं बघायची, निदान कोणाच्या तरी घरी चहा प्यायचा. इथं पहिल्याच रविवारी मी नवी साडी नेसून, टाचांच्या चपला घालून तयार झाले आणि विचारलं, "पप्पा, कुठं जायचंय?" सासरे म्हणाले, "कुठं न्हाई. जाऊन यायचं." त्या दिवशी काळ्या मातीत माझी टाच रुतली ती चपलेला निरोप देऊनच निघाली. नवरा हसला, म्हणून घरी येईपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही.

रस्ता अगदी साधा. घरामागची गल्ली संपली की चिंचेची झाडं, मग उसातून गेलेली पायवाट, पाणी उपसायच्या मोटारींच्या कोठड्या, वाटेत आडवे पडलेले पाइप, आणि डाव्या हाताला सगळा वेळ प्रवरा. आमच्या इथं ती घाईत नसते. पावसाळ्याचे काही दिवस सोडले तर तिच्या काठानं तान्हं मूलही चालवत न्यावं. सासरे पुढं. चिंचेशी आले की, "चिंच आली, चिंचवाले उतरून घ्या." मोटारीच्या कोठडीशी, "दोन मिनटं थांबंल गाडी." माझी मुलगी लहानपणी खरंच तिकीट मागायची आणि ते तिच्या तळहातावर बोटानं टकटक करून तिकीट फाडून द्यायचे. मुलगी आता आठवीत आहे. तिला मैत्रिणींसमोर या प्रकाराची लाज वाटते, पण रविवारी ती येते.

शेवटचा थांबा सासूबाईंचा. तिथं काठावर एक सपाट दगड आहे. त्यावर त्या बसायच्या आणि पलीकडे बघायच्या. त्यांचं माहेर समोरच्या काठावर. झाडांच्या वर पाण्याची टाकी दिसते, तेच गाव. दगडाच्या खालीच नदीचा उतार आहे. उतार म्हणजे नदी पायी ओलांडता येते ती जागा. वरच्या धरणातून आवर्तन, म्हणजे शेतीसाठीचं पाणी, सुटलं की हा उतार बुडतो. आवर्तन बंद झालं, पाणी ओसरलं, की चार-सहा दिवसांत पुन्हा पडतो. सासूबाई मुलगी असताना याच उतारानं शाळेला यायच्या. पुढं पूल झाला, रस्ता झाला, आणि उतारानं जाणं बंद पडलं. पुलावरून ते गाव लांब पडतं. रिक्षा बदलावी लागते. त्यामुळे समोर राहणारी धाकटी बहीण त्यांना लग्नाकार्यातच भेटायची.

"आज उतार हाय बरं का," त्या म्हणायच्या, किंवा, "आज न्हाई." बस, एवढंच. सासरे तोवर उसाकडे तोंड करून साखर कारखान्याच्या गाळपाबद्दल नवऱ्याशी बोलत असायचे. नवरा कारखान्यात आहे. मग परत डबल, आणि घर.

मला हे फिरणं कधी आवडायला लागलं ते सांगता येणार नाही. एवढं खरं की मी तोंडानं तक्रार करायची आणि कप मात्र सगळ्यांच्या आधी धुऊन ठेवायची.

नाताळ झाला आणि सासूबाई आजारी पडल्या. आधी खोकला, मग ताप, मग श्वास लागायला लागला. नगरला दवाखान्यात ठेवलं. निमोनिया होता आणि छातीत पाणी झालं होतं. ते काढावं लागलं. ही पाण्याची गोष्ट आम्ही सासऱ्यांना सांगितली नाही. लपवायचं म्हणून नव्हे. सासऱ्यांना ऐकू येत नाही. जन्मभर गाडीच्या इंजिनाशेजारी उभं राहून कान गेलेत. कानाचं मशीन घेऊन दिलंय, ते कपाटात असतं. "मशीन घातलं की नको ते बी ऐकू येतं," असं त्यांचं म्हणणं. ऐकावं जनाचं, करावं मनाचं, यातला पहिला भाग त्यांनी मुळातच काढून टाकलाय. आता दवाखान्यात, चार पेशंटच्या मधे उभं राहून, "पप्पा, आईंच्या छातीत पाणी झालंय," असं कोण ओरडणार? नवऱ्यानं त्यांच्या कानाशी जाऊन नुसतं "निमोनिया" म्हटलं. ते मान हलवून बाकावर बसले आणि आम्ही उठवेपर्यंत उठले नाहीत.

सासूबाई घरी आल्या त्या अंथरूण धरूनच. ताप गेला होता, श्वास लागत नव्हता, पण त्या उठेनात. स्वयंपाकघरापर्यंत चला म्हटलं तर नको. ओसरीत बसा म्हटलं तर नको. शिरा केला, पेज केली, शेजारच्या भाभींनी मटणाच्या पाण्याची यखनी करून आणली, सगळं दोन चमचे खाऊन बाजूला. "मला काय आता," म्हणायच्या. "झालं माझं." रडून म्हणाल्या असत्या तर मी समजूत घातली असती. पण त्या ते अगदी शांतपणे म्हणायच्या, जणू भांडी घासून झाली, आता पडते जरा. मला त्याची भीती वाटायची. मी सून आहे, पण आई लवकर गेल्यामुळे माझ्या वाट्याला आई म्हणून याच जास्त आल्या. या घरात त्या नसतील हा विचार मला एकदाही पूर्ण करता येत नव्हता.

रविवारचं फिरणं आपोआप बंद झालं. सासरे चहा पिऊन फाटकाशी जायचे, उभे राहायचे, आणि डबल न देताच परत येऊन सासूबाईंच्या खाटेच्या पायथ्याशी बसायचे. मी एकदा म्हटलं, आपण तरी जाऊन येऊ. ते म्हणाले, "शिट भरल्याबिगर गाडी हलत न्हाई."

मार्चात आमची सकाळची शाळा सुरू झाली. मी शाळेत शिकवते. त्याच सुमाराला एका संध्याकाळी गावात दवाखाना असलेले डॉक्टर घरी तपासायला आले. डॉक्टर पलीकडच्या काठच्या गावचे, रोज मोटारसायकलवर पुलावरून येतात. त्यांनी छाती तपासली, मला हळू आवाजात म्हणाले, "आता औषधापेक्षा चालणं महत्त्वाचं. अशाच पडून राहिल्या तर पुन्हा अवघड होईल. मग मात्र मला काही सांगता येणार नाही." मग निघताना त्यांनी दारात बसलेल्या सासऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि ऐकू जावं म्हणून मोठ्यांदा म्हणाले, "काका, पाणी उतरलंय. आता चांगला उतार आहे. काकूंना चालवा. घरात बसवून ठेवू नका."

सासऱ्यांना शब्द न् शब्द ऐकू गेला. ते म्हणाले, "उतार हाय म्हनता?"

"आहे ना. मी सांगतो ना. अगदी बिनधास्त चालवा."

सासऱ्यांनी हात जोडले. मला बरं वाटलं, त्यांना कोणीतरी नीट समजावून सांगितलं म्हणून. मी डॉक्टरांना फाटकापर्यंत सोडून आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेतून आले तर खाट रिकामी. चादर घडी करून ठेवलेली. दोघांच्या चपला नाहीत. सासऱ्यांचा मोबाईल चार्जिंगला, मशीन कपाटात. नवरा कारखान्यात, मुलगी शाळेत. मी भाभींचं दार वाजवलं. त्या म्हणाल्या, "मघाशीच तर गेले दोघं. काकांनी हात धरला होता. मी विचारलं, तर म्हणाले, नदीला. मला वाटलं, तुम्हाला माहीत असंल."

माझं धाबं दणाणलं. आठवडेच्या आठवडे "झालं माझं" म्हणणारी बाई, तिच्या पायथ्याशी मुक्यानं बसणारा माणूस, आणि दोघं सांगून गेलीत नदीला. एक वाईट विचार मनात आला. तो मी इथं लिहीत नाही.

चिंचेखालून मी पळतच गेले. उसाच्या वाटेवर कोणी नाही. कोठड्यांपाशी कोणी नाही. दगडापाशी आले आणि खाली बघितलं, तर दोघं नदीच्या मधोमध होती.

पाणी पोटरीपर्यंतही नव्हतं. सासऱ्यांनी पायजमा गुडघ्यावर गुंडाळला होता, चपला काखेत. सासूबाईंनी नऊवारीसारखा साडीचा घोळ खोचून घेतला होता. ज्या अंगानं पाणी येत होतं त्या अंगाला सासरे, आणि त्यांच्या आडोशाला त्या. एक पाऊल टाकायचं, थांबायचं. सासऱ्यांनी काठीनं पुढचा दगड चाचपायचा, मग सासूबाईंच्या मनगटाला हलकेच ओढ द्यायची, की त्यांचं पाऊल. मला ओरडायचं होतं. पण हाक मारावी तर सासऱ्यांना ऐकू जाणार नाही, आणि सासूबाईंना जाईल, त्या दचकतील, पाय घसरेल. म्हणून मी काठावर गप्प उभी राहिले. आयुष्यात इतकी गप्प मी कधी राहिले नाही. पलीकडच्या काठाच्या अलीकडे सासूबाई थांबल्या, वाकल्या, ओंजळभर पाणी घेऊन त्यांनी तोंडावरून फिरवलं. मग वर चढल्या. माझा जीव भांड्यात पडला.

आणि जीव भांड्यात पडल्यावर मला जो राग आला तो विचारू नका. चपला हातात घेतल्या आणि मीही उतरले. इतकी वर्षं मी त्या दगडाशी येत होते, पण पाण्यात पाय घातला नव्हता. तळाचे गोटे शेवाळलेले होते. मी तीनदा घसरले, एकदा बसलेच. ओल्या साडीनं वर पोचले तेव्हा दोघं बाभळीच्या सावलीत बसली होती आणि सासरे सासूबाईंच्या पदराचं टोक पिळत होते.

"पप्पा, काय चाललंय हे?" मी म्हटलं. खरं तर त्यांना ऐकू जायला ओरडावं लागतं, त्यामुळे माझा राग आपोआपच मोठ्यांदा निघाला. "आजारी माणसाला नदीतून नेतात का? काही झालं असतं म्हणजे?"

सासरे माझ्याकडे बघतच राहिले. त्यांना माझा राग कळला, कारण कळेना. "अगं, डाक्टरनीच सांगितलं की," ते म्हणाले. "तुझ्या म्होरंच सांगितलं. पानी उतारलंय, उतार हाय, हिला चालवा. मी परत इच्यारलं, तर म्हनले, बिनधास्त. तो बाबा रोज पुलावरनं येतो, त्याला नदीची खबर असनारच ना."

मी तोंड उघडलं. पाणी छातीतलं, उतार आजाराला, आणि चालवायचं ते ओसरीत, असं सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. तेवढ्यात सासूबाईंनी माझं मनगट धरलं. त्या आजारात त्यांच्या हातात जोर उरला नाही असं मी समजत होते. त्यांनी मान अगदी थोडी हलवली. नको.

"आता आलीच हायस तर चल," त्या मला म्हणाल्या. "अर्ध्या वाटंत कुठं परत जातीस."

उसाच्या बांधानं आम्ही गेलो. सासूबाई दोनदा बसल्या, पण दोन्ही वेळा स्वतः उठल्या. त्यांच्या बहिणीच्या, म्हणजे मावशींच्या अंगणात कुरडयांचा घाट घातला होता. खाटेवर धोतर अंथरलेलं, त्यावर ओल्या कुरडया ओळीनं, आणि मावशी साचा दाबत होत्या, कोपरापर्यंत चीक लागलेला. त्यांनी वर बघितलं, आणि हातातला साचा तसाच धरून उभ्या राहिल्या.

"कुन्या वाटंनं आलीस?" त्यांनी विचारलं.

"उतारानं," सासूबाई म्हणाल्या.

मावशींनी साचा खाली ठेवला. चिकाच्या हातांनी बहिणीला मिठी मारता येईना, म्हणून त्यांनी कपाळ तेवढं तिच्या खांद्याला टेकवलं. मग आत जाऊन पातेल्यातला गरम चीक वाडग्यात काढला, वर दूध-साखर घातली. चीक म्हणजे गव्हाचं सत्त्व, शिजवलेलं. कुरडया करताना घरातली पोरं त्यासाठी चुलीभोवती बसतात. दोन चमच्यांवर न जाणाऱ्या आमच्या सासूबाईंनी वाडगा पुसून खाल्ला आणि म्हणाल्या, "मीठ जरा कमी पडलंय." मावशी म्हणाल्या, "तुला सदा कमीच लागतं." मग दोघी बऱ्याच वेळ आईच्या हातच्या मिठावर भांडल्या. मी कोपऱ्यात साडी वाळवत बसले. मला रडू येत होतं, आणि कुरडया मोडतील म्हणून मावशी मला तिथून उठवत होत्या.

संध्याकाळी नवरा कार घेऊन पुलावरून आला. त्याला मी फोनवर काय सांगितलं ते मलाच आठवत नाही. येताना तो चांगलाच चिडलेला होता. सासरे म्हणाले, "गाडी कशाला आनली? उतार हाय की." पण बसले मात्र पुढच्या सीटवर, दरवाजाच्या बाजूला.

त्या दिवसापासून सासूबाई उठल्या, असं लिहिलं तर ते खोटं होईल. दुसऱ्या दिवशी पाय भरून आले म्हणून त्या दिवसभर पडून होत्या. पण तिसऱ्या दिवशी ओसरीत आल्या, मग चुलीपाशी, आणि त्या आठवड्यात भाजीत मीठ कमी आहे असं मला रोज ऐकायला मिळालं. ते ऐकून मला जे वाटायचं त्याला आनंदच म्हणतात.

डॉक्टर पुन्हा आले तेव्हा सासऱ्यांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. "डाक्टर, तुमचा उतार लागू पडला."

"मी म्हटलं नव्हतं का, काका?" डॉक्टर खूश होऊन म्हणाले. "फक्त चालणं थांबवू नका."

"न्हाई थांबवत. पानी येत न्हाई तवर जाऊन येतो."

"पाणी आता होणार नाही. काळजी करू नका."

"आवर्तन सुटलं तर?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी चहा आणते म्हणून आत गेले.

मग रविवार आला. चहा झाला, कप पालथे पडले, आम्ही निघालो. उसाच्या वाटेवर सासरे आणि मुलगी पुढं गेले, नवरा त्यांच्या मागं. सासूबाई माझा दंड धरून हळूहळू चालत होत्या. आवर्तन सुटलं होतं. नदी दोन्ही काठ धरून संथ चालली होती आणि उतार कुठं होता ते कोणाला सांगूनही पटलं नसतं.

माझ्या पोटात गोष्ट राहत नाही. मी विचारलं, "आई, तुमचे कान तर चांगले आहेत. छातीतल्या पाण्याचंही तुम्हाला माहीत होतं. डॉक्टर काय म्हणाले ते तुम्हाला कळलं होतं ना?"

"न कळायला काय झालं?" त्या म्हणाल्या. "दुखन्याला उतार हाय, चालवा म्हनले."

"मग तुम्ही पप्पांना सांगितलं का नाही? जीव मुठीत घेऊन नदीत उतरलात."

त्या थांबल्या. पुढं सासरे मुलीला वाटेतला पाइप ओलांडायला हात देत होते. तिला गरज नव्हती, पण तिनं तो घेतला.

"ह्यांनी अख्ख्या तालुक्याच्या लेकी माहेरी पोचवल्या," सासूबाई म्हणाल्या. "दिवाळीला जादा गाड्या, पंचमीला जादा गाड्या, कधी शेवगाव, कधी खर्ड्याची मुक्कामी गाडी, रात तितंच. बायका अजून नाव काढत्यात, आमाला उभ्याला जागा दिली म्हून. मला न्यायला भाऊ यायचा, पोचवायला बी भाऊच. तो गेल्यावर कोन? मी एकदा म्हनलं, मला बी न्या की. तर म्हनले, तुझं काय, तुझं तर समोरच हाय."

मी वाटेतलं ढेकूळ पायानं बाजूला केलं.

"त्या दिवशी चपला घालून खाटंपाशी आले. म्हनले, ऊठ, उतार हाय, तुला तुझ्या गावाला नेतो." त्यांनी माझा दंड सोडला आणि पदर सारखा केला. "आता तूच सांग. इतक्या वर्सांनी मानूस न्यायला आला, आन मी त्याला म्हनू, तुमी चुकीचं ऐकलं?"